उघड्यावर जाळ

झेन्सविलच्या कारखान्यात मी पट्टे जोडते.
तारे डोरीनकडे.
माझ्याकडे सात लाल, सहा पांढरे, आणि मोकळ्या टोकाची शिवण.
वाऱ्यात आधी तेच फाटतं,
म्हणून तिथे टाके दुप्पट.
अण्णा इचलकरंजीत मागावर होते. म्हणायचे,
कापडाची लाज राखावी,
माणसाची राखता आली नाही तरी.

परवा कोर्टाच्या पायऱ्यांपुढे
ब्रायना ओडेलनं झेंडा जाळला.
मी समोरच्या बाकावर डबा उघडून बसले होते.
ती काहीतरी बोलत होती, भावाचं नाव, एका तुरुंगाचं नाव;
वारा होता, निम्मंच कानावर आलं.

झेंडा आधी पेटेना.
नायलॉन जळत नाही, आकसतं,
काळं होऊन थेंब थेंब गळतं,
बादली वितळल्यासारखा वास.
मग पट्टे सुटत गेले एकामागून एक,
टोकाची शिवण तेवढी धरून राहिली.
माझी होती ती. आपला टाका ओळखू येतो,
आपण थापलेल्या भाकरीचा काठ ओळखावा तसा.
घास तोंडातच राहिला.
तो राग होता की अभिमान,
अजून मला लावता आलेलं नाही.

माणसं जमली. कुणी थुंकलं.
वेंडेल स्टाउट आला,
डावा पाय गुडघ्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा,
त्याला सगळ्यांनी वाट दिली: आता हा बघेल हिच्याकडे.
तो जाळाकडेच बघत राहिला.
म्हणाला, आमच्या हॉलमागे दर जूनला
विटलेले झेंडे जाळतो आम्ही, बिगूल वाजवून.
एवढंच. पुढचं वाक्य आलंच नाही.
नंतर सार्जंटला तो दोनदा म्हणाला, मला हे आवडलेलं नाही,
आणि एकदाच, तिला हात लावू नकोस.

सार्जंट प्रूट बोट ओलं करून पुस्तिका चाळत होता.
झेंड्याचं कलम सापडेना.
नाहीच आहे, तो म्हणाला, बोलण्यातच धरतात हे,
मलाही नाही पटत.
मग अंगठा थांबला:
कचरापेटीपासून दहा फुटांच्या आत उघड्यावर जाळ.
पंच्याहत्तर डॉलर.
ब्रायनानं पावतीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

शाळेत एका पंधरा ऑगस्टला माझ्या हातून घडी सुटली होती.
टोक मातीला लागलं
आणि मगदूम बाईंनी कानाखाली वाजवली.
सोळा तारखेला गटारातून कागदी झेंडे वाहत गेले,
त्यांच्यापायी कुणी मार खाल्ला नाही.

आईला फोनवर सांगितलं.
आत टाकत नाहीत?
नाही.
लोकांना राग येत नाही?
येतो की.
मग?
मग काही नाही. राग घेऊन घरी जातात.
ती बराच वेळ गप्प. मग, जेवलीस का.

शपथ घेतली त्या दिवशी मला एक काडीचा झेंडा मिळाला होता,
दोऱ्याच्या रिळांबरोबर खणात असतो.
त्याला शिवण नाही, नुसता डिंक.
काल रात्री बाहेर काढला. उदबत्तीची काडेपेटी शेजारीच.
नाही जाळला. जाळायचा नव्हताच.
पण न जाळणं हे पहिल्यांदा मी केलं;
इतकी वर्षं ते आपोआप होत होतं.

आज दोनशेची ऑर्डर आहे.
यातला कुठला शवपेटीवर जाईल,
कुठला गाड्यांच्या शोरूमवर,
कुठला लायटर घेऊन उभ्या असलेल्या कुणाच्या हाती,
कापड सांगत नाही. मी विचारत नाही.
टोकाला टाके दुप्पट.

डोरीनचा मुलगा सैन्यात आहे. दिवसभर ती बोलली नाही.
पाळी सुटताना मशीनवर आच्छादन घालत म्हणाली,
आपला होता?
हो. नायलॉनचा.
दिवा मालवून दारापर्यंत गेली,
तिथून म्हणाली,
सुती घ्यायचा होता तिनं.